मास्तरांच्या पोटातलं कापड

शिक्केवाल्याला मास्तरांबद्दल फार थोडं ठाऊक होतं, आणि जे ठाऊक होतं त्यातलंही निम्मं फळीपलीकडून ऐकलेलं. एकाच दुकानात मधोमध प्लायवूडची फळी ठोकून दोन गाळे केले होते. एका बाजूला शिक्केवाला रबरी शिक्के बनवायचा, दुसऱ्या बाजूला मास्तर कपडे शिवायचे. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, टेलरमास्तर. मशीनची घरघर, कात्रीचा करकर आवाज, गिऱ्हाइकांशी चाललेली हुज्जत, सगळं फळीतून आरपार यायचं. पण मास्तरांचं लहानपण कसं गेलं, त्यांना भाऊ-बहिणी किती, झोप नीट लागते का, यातलं शिक्केवाल्याने कधी काही विचारलं नाही. तो मुळातच मुखदुर्बळ. जन्मभर उलटी अक्षरं कोरून याची सरळ बोलायची सवय मोडली, असं मास्तर म्हणायचे. तेही तो ऐकून घ्यायचा.

तेव्हा इथे सांगतो ते मास्तरांचं चरित्र नव्हे. फळीच्या या बाजूने जेवढं दिसलं तेवढंच आहे.

मास्तर उंच होते, जरासे पुढे झुकलेले. गळ्यात टेप, खिशात खडू, ओठांत दोन-चार टाचण्या. टाचण्या ओठांत धरूनच ते अख्खं संभाषण करायचे आणि एकही पडत नसे. हात चांगला होता, पण त्यांची खरी करामत हातात नव्हती, जिभेत होती. कुठल्याही गिऱ्हाइकाला त्यांनी जन्मात ‘तुम्ही जाड झालात’ असं सांगितलं नाही.

‘मास्तर, ही पँट बसेना हो,’ असं म्हणत कोणी सुटलेलं पोट घेऊन आत शिरलं, की मास्तर पँट उजेडात धरायचे, बोटांनी चाचपायचे आणि मान हलवायचे. ‘कापड आटलं.’

‘मागच्या वेळीही आटलंच होतं.’

‘तुम्ही धुता फार. स्वच्छ माणसांच्या कपड्यांचं असंच होतं.’

गिऱ्हाईक खूश. मास्तर कंबरेची मागची शिलाई उसवायचे, आत राखलेलं जास्तीचं कापड सोडायचे आणि पँट पुन्हा बसायची. असं जास्तीचं कापड ते प्रत्येक पँटीत सढळ हाताने ठेवायचे. माणूस आज आहे तेवढाच राहील असं धरून कपडा शिवायचा नसतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

स्वतःचे कपडे ते स्वतःच शिवायचे, आणि त्यांच्या अंगावर कधी काही सैल दिसलं नाही. शर्टाचे खांदे खांद्यावर, पँटीची कंबर कंबरेवर. दुकानाला पाटी नव्हती. मीच पाटी, असं ते म्हणायचे.

दुपारी फळीतला छोटा दरवाजा उघडायचा. मास्तरांच्या कापायच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून दोघं आपापले डबे सोडायचे. शिक्केवाला एकटा राहायचा. त्याच्या डब्यात पाव आणि उकडलेला बटाटा, फार तर अंडं. मास्तरांचा डबा मात्र तीन कप्प्यांचा, वहिनींच्या हातचा. वहिनी म्हणजे मास्तरांची बायको. शिक्केवाल्याने त्यांना दुकानाच्या दारात दोन-चारदाच पाहिलं असेल, पण त्यांची भाजी तो वासावरून ओळखायचा.

मग कधीतरी, नेमकं कधी ते सांगता येत नाही, मास्तर एक कप्पा त्याच्याकडे सरकवायला लागले.

‘घ्या हो. मला आज अ‍ॅसिडिटी आहे.’

‘नको मास्तर, तुमचा डबा.’

‘डबा भरलेला परत गेला की घरी गाल फुगतात. माझ्यावर उपकार करा.’

उपकार करायला शिक्केवाल्याची ना नव्हती. एका कप्प्याचे दोन झाले. काही महिन्यांनी असं झालं, की मास्तर चार घास खाऊन हात धुवायचे, दुकानामागच्या पायरीवर जाऊन सिगारेट ओढत बसायचे, आणि आत शिक्केवाला तिन्ही कप्पे पुसून काढायचा. बाहेर मास्तर गुडघे पोटाशी घेऊन बसलेले असायचे. ते त्यांच्या बसण्याची ढब आहे असंच तो समजायचा.

दुखणं असं होतं, हे पुढे कळलं. पोटात काही पडलं, की थोड्या वेळाने बेंबीच्या वर पिळा पडायला लागायचा, कोणी ओलं धुणं पिळावं तसा. जास्त खाल्लं तर जास्त, कमी खाल्लं तर कमी, काहीच नाही खाल्लं तर काहीच नाही. मास्तर हिशेबाला पक्के. त्यांनी जेवणालाच कात्री लावली. गल्लीतल्या डॉक्टरांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या, मग दुसऱ्या दिल्या, दुर्बिणीने पोटात पाहूनही घेतलं. पोट स्वच्छ निघालं. ‘मनाला लावून घेऊ नका,’ असं सांगून त्यांनी मास्तरांना घरी पाठवलं.

अशाने माणूस वाळतो. वाळला, की कपडे लोंबायला लागतात, आणि कपडे लोंबायला लागले की बायको विचारते, शेजारी विचारतात, गिऱ्हाईकसुद्धा विचारतं. तुमच्या-आमच्या बाबतीत असंच झालं असतं. पण हे होते टेलरमास्तर. कंबर जरा सैल लागली, की दुकान बंद करण्याआधी एक टीप मारायची. शर्ट खांद्यावरून घसरायला लागला, की बाजूच्या शिलाया आत घ्यायच्या. फसवायचा बेत होता असंही नाही. सैल कपडा अंगावर ठेवणं त्यांना जमतच नसे. त्यामुळे मास्तर निम्मे झाले तरी कपडे आपले बेतलेल्यासारखे. चेहरा ओढला होता, पण ते वयावर गेलं. रोज बघणाऱ्याला रोजचा माणूस दिसत नाही.

आणि फळीच्या अलीकडे उलटं चाललं होतं. शिक्केवाल्याचं बटण लागेना. तो पँट घेऊन गेला, की मास्तर ती उजेडात धरायचे.

‘कापड आटलं.’

‘मास्तर, मी गिऱ्हाईक नाही.’

‘तरी आटलं.’

एका सकाळी मास्तर चष्मा घरी विसरले, म्हणून वहिनी तो द्यायला दुकानात आल्या. टेबलावर शिक्केवाल्याची पँट उसवून पडली होती आणि तो बाजूला उभा होता. वहिनींनी पँटीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

‘तब्येत छान झाली की भाऊजी.’

मुखदुर्बळ माणसाला कोणी चांगलं बोललं, की त्याला काहीतरी परत द्यावंसं वाटतं. शिक्केवाला म्हणाला, ‘सगळी तुमच्या हातची कृपा, वहिनी. कालची ती भोपळ्याची भाजी तर फारच.’

मशीन थांबली.

‘कालची भोपळ्याची भाजी मी ह्यांना दिली होती,’ वहिनी म्हणाल्या.

‘हो. म्हणजे. ह्यांनीच मला.’

‘परवाची मसूर?’

शिक्केवाल्याने मान खाली घातली. मास्तर ओठांतल्या टाचण्या एकेक करून काढून मशीनवरच्या छोट्या उशीला टोचत होते, जणू आज त्या मोजून परत करायच्या होत्या.

‘उठा,’ वहिनी नवऱ्याला म्हणाल्या.

‘गिऱ्हाईक येईल आता.’

‘आलं तर बसेल. उठा.’

मास्तर उठले. वहिनींनी त्यांच्या गळ्यातला टेप ओढून घेतला आणि कंबरेभोवती गुंडाळला. आकडा बघून त्यांनी पुन्हा एकदा मापलं. मग पँटीची मागची बाजू धरून कंबरपट्टी उलटी केली. आत कापडाची जाडजूड घडी होती, आणि तिच्यावर टिपांवर टिपा, एकीच्या आत दुसरी, दुसरीच्या आत तिसरी, झाडाच्या बुंध्यावर वर्षं दिसतात तशा. वहिनी त्यांच्यावरून बोट फिरवत राहिल्या.

‘हे कधीपासून?’

‘कापड जरा सैल पडलं,’ मास्तर म्हणाले.

‘मला गिऱ्हाईक करू नका,’ वहिनी म्हणाल्या.

दुकान त्याच क्षणी बंद झालं. शिक्केवाल्याचंही झालं, कारण वहिनींनी त्याला बरोबर घेतलं. ‘तुम्ही चला भाऊजी. किती खाल्लं नाही, हे डॉक्टरांना तुम्हीच नीट सांगू शकाल.’

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मास्तरांना झोपवून पोटावर नळी लावली आणि बराच वेळ ऐकत राहिले. पोटात सूं सूं असा आवाज येत होता, चिंचोळ्या तोंडातून पाणी जोराने जावं तसा. मग सुईतून औषध सोडून पोटाचा स्कॅन झाला आणि तिघं रक्तवाहिन्यांच्या सर्जनबाईंसमोर जाऊन बसले. बाई ठेंगण्या, झटपट बोलणाऱ्या, आणि समोरच्याचं मात्र सावकाश ऐकून घेणाऱ्या.

‘जेवल्यावर दुखतं, की जेवायच्या आधीच भीती वाटते?’ त्यांनी विचारलं.

मास्तरांनी वहिनींकडे पाहिलं नाही. ‘आता आधीच वाटते. ताट दिसलं की हात पोटावर जातो.’

बाईंनी समजावून सांगितलं. पोटातल्या मोठ्या धमनीतून तीन फांद्या आतड्यांकडे रक्त नेतात. मास्तरांच्या दोन बंद झाल्या होत्या आणि तिसरी दोऱ्याएवढी उरली होती. जेवलं, की आतड्यांना काम लागतं, कामाला रक्त लागतं, आणि रक्त तर वाढत नाही.

‘जिना चढताना छातीला धाप लागते ना, तशी तुमच्या आतड्यांना जेवताना लागते. सिगारेट किती?’

‘थोडी,’ मास्तर म्हणाले.

‘विचारा, विचारा,’ वहिनी म्हणाल्या. ‘जेवणाची वेळ तिथेच घालवलीय.’

आधी सोपा उपाय झाला. हाताच्या धमनीतून बारीक तार घालून, अडलेली जागा फुगवून तिथे जाळी बसवायची. बहुतेकांचं त्यावर भागतं, असं बाई म्हणाल्या होत्या. पण मास्तरांच्या बंद झालेल्या दोन्ही धमन्यांच्या तोंडाशीच दगडासारखं झालं होतं. तार आत शिरेना. मग पोट उघडायची गोष्ट निघाली.

मास्तर खुर्चीत मागे सरकले. ‘राहू द्या बाई. थोडं थोडं खाऊन काढीन मी. सवय झालीय.’

‘ती तिसरी दोऱ्याएवढी फांदी एक दिवस बंद पडली, तर आतडं काळं पडतं. तेव्हा विचार करायला वेळ मिळत नाही. तुम्हालाही नाही, मलाही नाही.’

‘आणि ऑपरेशनात?’

‘शंभरातले चार-पाच जण आम्ही गमावतो. खोटं कशाला बोलू? उरलेले बहुतेक जण नीट जेवायला लागतात. काहींची नवी वाट काही वर्षांनी पुन्हा बुजते, म्हणून तपासणीला येत राहायचं.’

‘शंभरात चार-पाच पँटी माझ्याकडेही बिघडतात,’ मास्तर म्हणाले. ‘पण मी कापड भरून देतो.’

‘तेवढं मला जमणार नाही,’ बाई म्हणाल्या.

नवी वाट म्हणजे काय, हे वहिनींनी विचारलं. मोठ्या धमनीला एक नळी शिवायची आणि तिचं दुसरं टोक अडलेल्या जागेच्या पुढे, आतड्याच्या धमनीला. रस्ता खणलेला असला, की बाजूने वळणरस्ता काढतात, तसं. नळी कापडाची असते, असं बाई जाता जाता बोलून गेल्या, आणि मास्तरांनी पहिल्यांदा मान वर केली.

‘कशाची?’

बाईंनी खणातून एक मुदत संपलेला नमुना काढून त्यांच्या हातात दिला. पांढरी, करंगळीपेक्षा बारीक नळी, अंगभर बारीक चुण्या. मास्तरांनी चष्मा नाकावर खाली ओढला. नळी उजेडात धरली. अंगठा आणि बोटाच्या मध्ये चोळली, ताणली, सोडली, वाकवली. शिक्केवाला गालातल्या गालात हसला. मास्तरांचा पुढचा शब्द त्याला ठाऊक होता.

‘पॉलिस्टर,’ मास्तर म्हणाले.

‘बरोबर.’

‘ह्या चुण्या कशाला?’

‘वाकली तरी मुडपू नये म्हणून.’

‘रक्त झिरपत नाही?’

‘वर लेप असतो.’

‘आटतं का?’

बाईंना हा प्रश्न आजवर कोणी विचारला नसावा. ‘नाही,’ त्या म्हणाल्या. ‘वर्षानुवर्षांनी जरासं सैल पडतं, एवढंच.’

‘शिवणार कोण?’

‘मीच.’

‘मशीनवर?’

‘हाताने. धाग्याच्या दोन्ही टोकांना सुई असते. एक या बाजूने येते, दुसरी त्या बाजूने, आणि समोर गाठ.’

मास्तर हे डोळ्यांसमोर आणत राहिले. त्यांची बोटं मांडीवर हलत होती. पण मान हो म्हणेना. वहिनींनी शिक्केवाल्याकडे वळून पाहिलं. ‘भाऊजी, तुम्ही बोला काहीतरी. माझं ऐकायचे नाहीत ते.’

इतक्या वर्षांत शिक्केवाल्याने मास्तरांना सल्ला म्हणून काही दिला नव्हता. धागा सुईत कसा ओवायचा, हेसुद्धा त्याला धड ठाऊक नव्हतं.

‘मास्तर,’ तो म्हणाला, ‘कापड कसं आहे?’

मास्तरांनी नळी पुन्हा चोळून पाहिली. ‘कापडात खोट नाही.’

‘मग शिवून घ्या.’

ऑपरेशनच्या दिवशी वहिनी आणि शिक्केवाला बाहेर बाकावर बसले होते. वहिनींच्या मांडीवर डबा होता. सकाळी हात आपोआप चालले, डबा भरून झाल्यावर लक्षात आलं, असं त्या म्हणाल्या. तो उघडायचं कोणाच्या मनात नव्हतं. समोरच्या दारावरचा दिवा तसाच जळत राहिला. लोक येत होते, जात होते, सफाईवाली दोनदा त्यांच्या पायांखालून फडकं फिरवून गेली.

‘मला काय वाटायचं, सांगू?’ वहिनी बऱ्याच वेळाने म्हणाल्या. ‘माझ्या हाताची चव गेली, असं. रात्री हे ताट चिवडत बसायचे. दुपारचं जड झालं म्हणायचे. मी तेल कमी केलं, तिखट कमी केलं, बहिणीला विचारून काय काय नवं करून पाहिलं. दुपारचा डबा रिकामा यायचा, तेवढाच धीर.’

शिक्केवाला डब्याकडे बघत राहिला. ‘वहिनी, मला समजायला पाहिजे होतं.’

‘तुम्ही खाल्लंत ते बरंच झालं,’ वहिनी म्हणाल्या. ‘ह्यांनी गटारात ओतलं असतं, तर मला कधी कळलं असतं? गटाराची कुठे कंबर वाढते.’

त्याही परिस्थितीत दोघांना हसू आलं, आणि समोर बसलेल्या कोणीतरी चमकून पाहिलं.

दुपार कलल्यावर सर्जनबाई टोपी काढत बाहेर आल्या. नळी बसली होती, रक्त वाहत होतं, आतडं गुलाबी झालेलं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. ‘आता पुढचे दिवस त्यांचे,’ असं म्हणून त्या गेल्या.

ते दिवस सरळ गेले नाहीत. ताप चढला, उतरला. फुप्फुसात पाणी धरलं. शेजारच्या खाटेवर एक ट्रकचालक होता. त्याचीही हीच धमनी, पण ती एकाएकी बंद पडली होती, आणि त्याला आणेपर्यंत बरंच आतडं गेलं होतं. पडद्याआडून तो मास्तरांशी क्रिकेटबद्दल बोलायचा. एका सकाळी पडदा बाजूला झाला, तेव्हा खाट रिकामी होती. त्या दिवशी मास्तरांनी भिंतीकडे तोंड केलं आणि संध्याकाळपर्यंत वळले नाहीत.

मग पाणी सुरू झालं, मग पातळ सूप. ते घोट-घोटभर, नळीतून दिल्यासारखं. खरी परीक्षा होती भाताच्या दिवशी. शिक्केवाला दुकान लवकर बंद करून आला होता. वहिनींनी मऊ भात कालवून पुढे ठेवला. मास्तरांनी वाटीकडे पाहिलं आणि त्यांचा हात पोटावर गेला.

‘एकच घास,’ वहिनी म्हणाल्या.

एक झाला, दुसरा झाला. मास्तर शिक्षा झाल्यासारखे खात होते. वाटी संपली. त्यांनी गुडघे वर घेतले, डोळे मिटले आणि वाट बघायला लागले. भिंतीवर घड्याळ होतं. त्याच्याकडे बघायचं नाही असं तिघांनी मनोमन ठरवलं होतं, आणि तिघंही बघत होते. जिथे पिळा सुरू व्हायचा ती वेळ आली. मास्तरांनी चादर मुठीत धरली. वहिनींनी रिकामी वाटी दोन्ही हातांनी धरली होती.

वेळ पुढे गेली. चादर सुटली. मास्तरांनी एक डोळा उघडला.

‘काही नाही,’ ते म्हणाले. दुकानात मापात चूक निघाल्यावर बोलायचे, तसा आवाज होता. ‘काहीच नाही होत.’

वहिनी रिकामी वाटीच बघत होत्या.

‘अजून थोडा आहे का?’ मास्तरांनी विचारलं.

घरी गेल्यावर लगेच सगळं आलबेल झालं असं नाही. पोटाला अन्नाची सवय उरली नव्हती. कित्येक आठवडे त्यांना संडासजवळच मुक्काम करावा लागला. जखम एका टोकाला चिघळली, सुकली. ‘बाईंचा हात चांगला आहे, पण बाहेरचा टाका माझा जास्त बारीक,’ असं ते आरशात बघून म्हणायचे. सिगारेट सुटली ती मात्र एका दिवसात. त्याऐवजी ते ओठांत शर्टाचं बटण धरायला लागले.

दुकान उघडलं, तसा फळीतला दरवाजाही उघडला. आता मास्तर जेवायचे. आधी भीत भीत, मग सावकाश, मग आडवा हात मारून. शिक्केवाला पुन्हा आपल्या उकडलेल्या बटाट्यावर आला. कधीतरी एखादी फोड त्याच्याकडे सरकायची, पण ती आता खरोखरची पाहुणचाराची.

एका दुपारी फळीपलीकडून हाक आली. ‘अहो, या जरा.’

मास्तर मांडीवर स्वतःची पँट घेऊन बसले होते, तीच जिची कंबरपट्टी वहिनींनी उलटी केली होती. आतली टीप त्यांनी केव्हाच उसवली होती, नंतर तिच्याबाहेरची, नंतर तिच्याबाहेरची. आता ते पहिल्या टिपेशी येऊन पोचले होते. ही टीप पँट नवी असताना घातलेली. उसवलेल्या टिपांच्या जागी सुईच्या भोकांच्या रांगा तेवढ्या उरल्या होत्या.

‘बघा,’ मास्तर गंभीर चेहऱ्याने म्हणाले. ‘कापड आटलं.’

‘तुम्ही धुता फार,’ शिक्केवाला म्हणाला.

त्यानंतर बरीच वर्षं गेली. मास्तर दर वर्षी तपासणीला जायचे. बाई पोटावर यंत्र फिरवायच्या आणि पडद्यावर रक्त वाहताना दिसायचं. ‘शिलाई टिकलीय,’ असं मास्तर परत येऊन सांगायचे, आणि जणू ती त्यांनीच घातली होती अशा तोऱ्यात सांगायचे. बाईंनी एकदा बजावलंही होतं, की पोटाची वाट मोकळी झाली तरी बाकीच्या नळ्या त्याच वयाच्या आहेत, हृदयाच्यासुद्धा. मास्तरांनी ते ऐकलं होतं, गोळ्या घेत होते, आणि त्याबद्दल अधिक बोलत नव्हते. यापलीकडे त्यांच्या मनात काय चालायचं, ते शिक्केवाल्याला तेव्हाही ठाऊक नव्हतं.

गेले ते एका रविवारी, नाश्त्यानंतर, आरामखुर्चीत. हृदय थांबलं. शिक्केवाला पोचला तेव्हा वहिनी दारातच उभ्या होत्या.

‘पोटभर खाऊन गेले,’ त्या म्हणाल्या. ‘दुसऱ्यांदा मागून घेतलं होतं.’ आणि त्याच्यासाठी त्यांनी खुर्ची पुढे केली.

म्हणजे शेवटचं बोलणं झालं ते आदल्या दिवशी, शनिवारी. त्या दुपारी शिक्केवाल्याकडे एका ऑफिसच्या शिक्क्यांची घाई होती आणि त्याला जेवायला उशीर झाला. हातावरची शाई पुसत तो फळीच्या दरवाजातून डोकावला. मास्तर डब्याचे कप्पे एकात एक बसवत होते. ओठांत बटण होतं.

‘काही ठेवलंत का मास्तर?’

‘नाही हो. सगळं संपवलं.’

‘काय होतं?’

‘भोपळ्याची भाजी. सोमवारी जरा लवकर या.’